पाणीवालीचा बाप

३ फेब्रुवारी

प्रिय ताईस,
नमस्कार.

पत्राला उशीर झाला. या वेळी आळस केला नाही. लॉन्ड्रीत वाईट अपघात झाला आणि त्याचा धुरळा आता आपल्या घरात उडतोय.

तू सगळं विसरली असशील म्हणून पहिल्यापासून सांगतो. ज्या लॉन्ड्रीत मी उभा जन्म मिस्त्री म्हणून काढला, तिथंच आता आपली ठकी शिफ्टची मुकादम आहे. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी येतात, धुतात, वाफेच्या रुळांतून इस्त्री होऊन परत जातात. रुळांपुढे लोखंडी जाळी असते. चादर सारणाऱ्याचा हात आत जाऊ नये म्हणून. जाळीमुळे काम जरा सावकाश होतं. गेल्या महिन्यात चादरींचा ढीग साचला, तेव्हा मॅनेजरनं जाळी काढायला लावली. ठकीच्या देखत. ती नको म्हणाली, तर त्यानं हसून विषय उडवला. दुसऱ्या दिवशी शिट्टीचा हात बाहीसकट आत ओढला गेला. शिट्टी म्हणजे तो उंच मुलगा, सारखी शीळ घालत काम करायचा म्हणून सगळे त्याला शिट्टी म्हणायचे. इस्पितळात नेला. वाचला नाही.

तो इस्पितळात होता तेवढ्यात कुणीतरी जाळी पुन्हा बसवली. आता मॅनेजर म्हणतो, जाळी होतीच, शिट्टीनंच काढली, काम उरकून घरी पळायला. चौकशीला सरकारी साहेब येणार आहेत. त्यांच्यापुढे ठकीनं एवढंच म्हणायचं की हो, त्यानंच काढली. एक वाक्य. बाकीच्यांनी आम्ही पाहिलं नाही म्हणून कधीच अंग काढून घेतलंय.

ठकी नाही म्हणते.

हे घर लॉन्ड्रीचं आहे, ताई. तिची आई इथंच गेली. मी या वयात गाठोडं घेऊन कुठं फिरू? आणि तिला दुसरीकडे कोण ठेवील? मालकाच्या विरुद्ध बोललेली मुलगी म्हणून आधीच तिचं नाव पोचलेलं असेल. मी समजावलं, रागावलो, दोन दिवस अबोलाही धरून पाहिला. ढिम्म.

तू तिची आत्या, त्यात मठातली सिस्टर. तुझं ऐकते ती. तिला चार शब्द लिही. आणि तुमच्या त्या पाणीवालीपाशी माझ्या नावानं एक मेणबत्ती लाव. म्हणावं, पोरीच्या डोक्यात प्रकाश पडू दे. शिट्टी गेला तो गेला. त्याच्या नावाला थोडा चिखल लागला तर त्याला कुठं कळणार आहे?

तुझा,
धाकटा


१० फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून घास गोड लागेना. त्या मुलासाठी आज सगळ्याजणींनी प्रार्थना केली. मदरनी त्याचं नाव विचारलं, तर मला शिट्टी एवढंच सांगता आलं. त्या म्हणाल्या, चालेल, वर ओळखतील.

मेणबत्ती लावली. पण तू जे मागायला सांगितलंस ते मागताना माझी जीभ अडखळली. लोहाराच्या दुकानात जाऊन दूध मागावं तसं झालं. तू लहानपणी इथं आला होतास तेव्हा कबुतरांमागे धावत होतास, गोष्ट ऐकलीच नव्हतीस. म्हणून सांगते. नाहीतरी माझं इथलं काम तेच. चर्च झाडायचं, मेणाचे ओघळ खरवडायचे आणि आल्यागेल्याला पाणीवालीची गोष्ट सांगायची.

फार जुन्या काळची गोष्ट. येशूला मानणारी माणसं तेव्हा लपूनछपून प्रार्थना करत. सापडली की कैदेत. आमच्या गावाबाहेर दगडाची खाण होती, तिथंच कैद्यांना डांबत. गावच्या विहिरीची राखण एका माणसाकडे होती आणि त्याची मुलगी खाणीत पाणी पोचवायची. पहारेकरी म्हणायचे, बाकीच्यांना दे, त्या येशूवाल्यांना नको. ही आधी त्यांना द्यायची. म्हणायची, तहान काय विचारून लागते? पाणी देतादेता त्यांच्याशी बोलू लागली, आणि बोलताबोलता त्यांच्यातली झाली. तिचं नाव कुणाला माहीत नाही. थडग्यावर नुसता घडा कोरलाय, म्हणून पाणीवाली.

कुणीतरी चुगली केली. तिला सुभेदारापुढे उभी केली. तो काही राक्षस नव्हता बरं का. त्याला लवकर उरकून जेवायला जायचं होतं. समोर बादशहाचा पुतळा, पुढे निखाऱ्यांची शेगडी. त्यानं तिच्या हातात चिमूटभर धूप दिला आणि म्हणाला, एवढा बादशहाच्या नावानं शेगडीत टाक नि घरी जा, मनात तुला हवं ते मान. ती म्हणाली, "मनात एक नि हातात एक, असं मला जमत नाही." आणि तिनं मूठ मिटली. ती मूठ मग उघडलीच नाही. मारली तेव्हाही मिटलेलीच होती. रक्तसाक्षी म्हणतात आम्ही अशांना, रक्त सांडून साक्ष देणारे. इथल्या पुतळ्याचीही मूठ मिटलेली आहे. लोक येतात आणि त्या मुठीलाच हात लावतात. दगडी बोटांच्या रेषा पार पुसल्या गेल्यात.

आता तूच सांग, हिच्यापाशी मी काय मागू?

ठकीला लिहीन. काय लिहायचं ते मात्र अजून उमगत नाही. तू जेवत जा वेळेवर.

तुझी,
ताई


१७ फेब्रुवारी

ताई,

तुला पत्र लिहिलं हीच माझी चूक. तुझं उत्तर मी टेबलावर उघडं ठेवलं आणि ठकीनं ते वाचलं. दोनदा वाचलं. मग घडी घालून माझ्यापुढे ठेवलं. मी आगीवर पाणी मागितलं होतं, तू तेल पाठवलंस.

आता पुढचं ऐक. मी मॅनेजरकडे गेलो होतो. म्हटलं, पोरगी हट्टी आहे, पण माझ्या शब्दाबाहेर नाही. साहेब आले की ती सांगेल. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला खुर्ची दिली. घरी येऊन ठकीला सांगितलं. मला वाटलं होतं भांडेल. ती भांडली नाही. विचारलं, "बाबा, माझ्या तोंडचा शब्द तुम्ही देऊन आलात?" आणि बॅग भरायला लागली.

मी दारात आडवा उभा राहिलो. तिचं मनगट धरलं. ताई, या मुलीवर मी लहानपणीसुद्धा हात उगारला नव्हता, तुला ठाऊक आहे. परवा असं धरलं की माझ्याच बोटांना कळ लागली. ती म्हणाली, बाबा, सोडा. मी सोडलं. ती गेली.

कोपऱ्यावर शिवणकाम करणारी तिची मैत्रीण आहे, तिच्याकडेच असणार. येईल राग उतरल्यावर.

तुझी गोष्ट छान आहे. तिच्यात सुभेदार आहे, पहारेकरी आहेत, सुभेदाराच्या जेवणाची वेळसुद्धा आहे. पण त्या मुलीच्या बापाचं काय? मुलगी मूठ मिटून मोकळी झाली. तुम्ही तिचा पुतळा केलात. तो राहिला ना मागे विहीर राखत? त्याचं काय झालं, ते सांगता का तुम्ही आल्यागेल्याला?

धाकटा


२५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

उशीर झाला, रागावू नकोस. मठात एक पाहुणी आली आहे आणि तिचं सगळं माझ्याकडे आहे. तशी तिला काही करावं लागत नाही, उलट तीच आमच्या चादरींच्या घड्या घालते. इतक्या नेटक्या, की मदर कपाट उघडून बघत बसतात.

ठकीची काळजी करू नकोस. ती सुखरूप असेल असा माझा विश्वास आहे, आणि माझे विश्वास सहसा खोटे ठरत नाहीत.

तू बापाचं विचारलंस. विचारलंस ते रागानं, पण बरोबर विचारलंस. बाप आहे गोष्टीत. तो तीनदा येतो. भिंतीवरच्या चित्रातही आहे, अगदी कोपऱ्यात, तोंड फिरवलेला. प्रवचनात त्याला दगडाच्या काळजाचा म्हणतात. मीही आजवर तसंच सांगत आले. एवढी वर्षं सांगते आहे, पण त्याच्यापाशी कधी थांबले नाही. सगळ्यांना मुठीपाशी पोचायची घाई असते.

सुभेदारापुढे नेण्याआधी तिलाही खाणीतच डांबली होती. पहिल्यांदा तो तिथं गेला तेव्हा तिला खूप बोलला. कुळाला काळिमा लावलास, मला गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस, असं सगळं. दुसऱ्यांदा गेला तेव्हा घरून जेवण करून नेलं. आई नव्हती तिला, म्हणजे त्यानंच केलं असणार. ती खाईपर्यंत बसला आणि मग रडला. म्हणाला, माझ्यासाठी टाक चिमूट, बादशहाला नाही तर मला घाबरून टाक. ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली, पण हो म्हणाली नाही.

तिसऱ्यांदा तो सुभेदाराच्या कचेरीत घुसला. सगळ्यांसमोर तिचं मनगट धरून शेगडीवर ओढलं आणि एकेक बोट उकलायला लागला. दोन दाणे जरी खाली पडले असते तरी सुभेदार धूप वाहिला असं लिहून घेणार होता. माणसं हसत होती. ती त्याला म्हणाली, "बाबा, हात दुखतो." बस, एवढंच. देवाचं नाव नाही, शाप नाही. आणि त्यानं सोडला.

यापुढे गोष्टीत तो नाही. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ही जागा आठवून बराच वेळ बाकावर बसून राहिले. त्याचं काळीज दगडाचं असतं तर त्यानं हात सोडला नसता, नाही का?

तुझी,
ताई


३ मार्च

प्रिय ताईस,
नमस्कार.

मागच्या पत्रात वेडंवाकडं लिहिलं. मनावर घेऊ नकोस.

ठकी मैत्रिणीकडे नाही. मी रोज त्या दुकानावरून जायचो, आत जायची हिंमत होत नव्हती. काल गेलो. मैत्रीण म्हणाली, ती इथं आलीच नाही, तुम्हाला वाटलं तरी कसं. तिनंच स्टूल दिलं बसायला. इतके दिवस मी निवांत होतो, ताई. दोन गल्ल्या पलीकडे आहे म्हणून निवांत झोपत होतो.

तिथून शिट्टीच्या घरी गेलो. म्हटलं, त्याच्या बायकोला काही माहीत असेल. दार त्याच्या आईनं उघडलं. मला ओळखलं, आणि आत या म्हणायच्या आधी म्हणाली, आमचा मुलगा आळशी नव्हता हो. आत बायको मुलांच्या शर्टाला बटणं लावत बसली होती. तिनं सांगितलं, ठकीनं घर सोडलं त्याच दिवशी ती इथं येऊन गेली. म्हणाली, मी काही मोठं करू शकत नाही वहिनी, पण खोटं बोलणार नाही. पुढे कुठं गेली ते तिलाही ठाऊक नाही.

मग शिट्टीची बायको म्हणाली, "मिस्त्रीकाका, मुलं शाळेतून आली नि विचारायला लागली, बाबांनी काम टाळायला जाळी काढली का? शाळेत कुणीतरी सांगतं त्यांना. तुम्ही त्यांच्याबरोबर काम केलंय. तुम्हीच सांगा, मी काय सांगू?"

तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मीही काहीतरी बोललो असतो. चहा ठेवला होता तिनं, तो न घेता उठलो. त्याला कुठं कळणार आहे, असं मी तुला लिहिलं होतं. त्याला नसेल कळत. पण ती पोरं आहेत ना, दोघं, तिथंच बाकावर पाय हलवत बसलेली.

आता मला चौकशीचं काही पडलेलं नाही. मुलगी कुठं आहे तेवढं कळू दे. मी पोलिसांत जाणार आहे. तुला तिनं काही कळवलं असेल, एखादी ओळ, तर लपवू नकोस. तुझ्या त्या पाहुणीलाही माझ्यासाठी प्रार्थना करायला सांग. नवी सिस्टर व्हायला आलेली दिसते. अशांची लवकर ऐकली जाते म्हणतात.

तुझा,
धाकटा


६ मार्च

माझ्या धाकट्या,

पोलिसांत जाऊ नकोस. ठकी माझ्याकडे आहे. पाहुणी म्हणजे तीच.

तिनं माझ्याकडून शब्द घेतला होता. मी खोटं बोलले नाही असं स्वतःला सांगत राहिले आणि तुझ्या जिवाला घोर लावून बसले. हे पत्र तिला विचारून लिहिते आहे. तुझं पत्र तिला दिलं. ती तुमच्या शिट्टीच्या मुलांपर्यंत आली आणि पुढे वाचेना. मग पदरानं डोळे पुसावेत तसे चादरीच्या कोपऱ्यानं पुसले आणि म्हणाली, आत्या, बाबांना लिही.

ती इथं प्रार्थना वगैरे काही करत नाही, उगाच गैरसमज नको. दुपारी चर्चमध्ये कुणी नसतं तेव्हा जाऊन पाणीवालीपुढे बसते. एकदा मी मेण खरवडत होते तर म्हणाली, "आत्या, ही घाबरली नसेल का ग? मला रात्रंदिवस भीती वाटते. पुतळ्याच्या तोंडावर तर काहीच दिसत नाही." मी म्हटलं, पुतळा करणाऱ्यानं तिला कुठं पाहिलं होतं. मग विचारलं, कशाची भीती वाटते, नोकरीची? म्हणाली, नाही. म्हणाली, "मी बोलेन तेव्हा बाबा मॅनेजरच्या शेजारच्या खुर्चीत असतील, त्याची."

हे मी तुला सांगणं बरोबर आहे की नाही, देव जाणे. सांगितलं.

आणखी एक. आमच्या आवारात विहीर आहे, पाणीवालीचं थडगं तिच्या अगदी काठाला आहे. परवा पायऱ्या घासताना माझ्या डोक्यात आलं. ज्यांना सुभेदार मारायचा त्यांना खाणीत फेकून देत. त्यांच्या अंगाला हात लावायची कुणाची छाती नव्हती, येशूवाल्यांचीसुद्धा नाही, ते लपून बसले होते. मग हिला इथं कुणी आणलं? विहीर कुणाची होती? राखण कुणाकडे होती? तो तिच्या देवाला मानत नव्हता, तिचं काहीच त्याला पटलं नव्हतं. तरी तो गेला असणार, तिला उचलून आणली असणार आणि आपल्या दारात पुरली असणार. त्यानं ते केलं नसतं तर हे चर्च नसतं, मी नसते, ही मेणबत्त्या लावणारी माणसं कुणापुढे उभी राहिली असती? हे कुठं लिहिलेलं नाही. माझंच म्हणणं आहे. पण ते मनातून जात नाही.

चौकशी बाराला आहे. ठकी त्याच दिवशी सकाळच्या बसनं निघेल. तू काय करावंस ते मी सांगणार नाही.

तुझी,
ताई


२८ मार्च

प्रिय ताईस,
नमस्कार.

तुझं पत्र वाचून आधी तुझा इतका राग आला की ते फाडणार होतो. नंतर स्टोव्हपाशी बसून मोठ्यानं रडलो. पुढचे दिवस कसे काढले ते विचारू नकोस.

बाराला बसस्टँडवर गेलो. ती उतरली, मला पाहिलं आणि पायरीवरच थांबली. मागची माणसं कुरकुरायला लागली. मी पुढे होऊन बॅग घेतली. थोडं चालल्यावर ती म्हणाली, बाबा, मी तेच सांगणार आहे. मी म्हटलं, माहीत आहे. मग तुम्ही कशाला आलात? म्हटलं, तुला पोचवायला. पुढे लॉन्ड्रीपर्यंत बॅग मीच धरली होती. तिचं मनगट मला दिसत होतं. काही खूण वगैरे नव्हती, तरी मी बघत होतो.

चौकशी घड्या घालायच्या हॉलमध्ये ठेवली होती. लांब टेबलाच्या एका टोकाला साहेब, सर्दीनं बेजार झालेला साधा माणूस. शेजारी मॅनेजर. त्यानं मला पाहून हसून बाजूची खुर्ची सरकवली. कामगार सगळे भिंतीला टेकून उभे. समोर बाकावर शिट्टीची बायको आणि आई, आणि त्यांच्या आजूबाजूला कुणीच नाही, रोग असावा तसं. ताई, मी काही शूर माणूस नाही. त्या खुर्चीकडे दोन पावलं टाकलीसुद्धा, सवयीनं. मग वळलो आणि शिट्टीच्या आईशेजारी जाऊन बसलो. तिनं जरा सरकून जागा केली. मॅनेजरचं हसू गेलं.

साहेबांनी ठकीला विचारलं, जाळी कुणी काढली? पहिल्यांदा बोलली ते मलाच ऐकू आलं नाही. साहेब म्हणाले, मोठ्यानं बोला. तेव्हा ती मॅनेजरकडे पाठ करून सगळ्या हॉलकडे वळली आणि म्हणाली, "जाळी मॅनेजरसाहेबांनी काढायला लावली. मी तिथं होते. मी नको म्हटलं होतं, पण मी मशीन बंद केलं नाही. शिट्टीनं जाळीला हातही लावला नव्हता." मशीनचं कुणी तिला विचारलंच नव्हतं. ते तिनं आपणहून सांगितलं.

मला अभिमान वाटला असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला फक्त भीती वाटली. मग मागून आवाज आला, मीही पाहिलं. घड्या घालणारी म्हातारी, ती जिला आम्ही मुकी म्हणतो, इतकी ती कमी बोलते. एवढ्या माणसांतून ती एकटीच. बाकीचे खाली बघत राहिले. त्यांना मी नावं ठेवत नाही, महिनाभर मी त्यांच्यातच होतो.

निकाल आला. शिट्टीवरचा ठपका पुसला गेला, तसं लिहून त्याच्या घरी दिलं. मॅनेजरची दुसऱ्या शाखेत बदली झाली, तिला शिक्षा म्हणायची की काय ते तूच ठरव. ठकीला दुसऱ्याच दिवशी सांगितलं की यायची गरज नाही, आणि आम्हाला घर खाली करायला सांगितलं. मुकीला काही बोलले नाहीत, ती बोलली होती हेच सगळे विसरले असावेत.

तर आम्ही निघतोय. ठकीला शेजारच्या गावच्या इस्पितळात कपड्यांच्या खोलीत काम मिळालं. तिथल्या मेट्रनला सगळं माहीत होतं. ठकीनं विचारलं, तरी घेता? ती म्हणाली, त्याचसाठी घेते. एका बेकरीच्या वर खोल्या पाहिल्यात. सगळा जिना पावाच्या वासानं भरलेला असतो. सामान बांधताना तिच्या आईच्या खोलीच्या भिंतीला हात लावून मी जरा वेळ उभा राहिलो. ठकी दारातून बघत होती. म्हणाली, बाबा, माझ्यामुळे. मी म्हटलं, हो, तुझ्यामुळे. उगाच नाही कशाला म्हणू? तिला हसू आलं. मग मलाही आलं. आणि अभिमान, ताई, तो तेव्हा आला. फार उशिरा आला, पण आला.

तुझा,
धाकटा


२० एप्रिल

चि. धाकट्यास व ठकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी मदरना वाचून दाखवलं, जिथं मला रडू आलं तिथं त्यांनी वाचलं. ठकीला म्हणावं, तिच्या हातच्या घड्या संपल्या, आता पुन्हा आमच्या वाकड्या सुरू झाल्या.

काल पाणीवालीचा दिवस होता. दूरदूरची माणसं आली, आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. दरवर्षीप्रमाणे गोष्ट सांगायला मला उभी केली. आदल्या दिवशी मी मदरना म्हटलं होतं की या वर्षी बापाचंही सांगणार आहे, विहिरीचं, त्यानं तिला आणून पुरल्याचं. त्यांनी विचारलं, हे कुठल्या पुस्तकात आहे? मी म्हटलं, कुठल्याच नाही. त्या विचार करून म्हणाल्या, मग सांगताना मला वाटतं असं म्हण. तसंच सांगितलं. मला वाटतं, तो तिला घ्यायला गेला. मला वाटतं, त्यानं तिची मूठ पुन्हा उघडून पाहिली नाही.

गोष्ट संपली आणि माणसांची रांग लागली, मुठीला हात लावायला. दाराशी एक म्हातारा उभा होता. तो दरवर्षी येतो, तिथंच उभा राहतो, रांगेत कधी लागत नाही. टोपी हातात धरून बाहेरूनच बघतो आणि जातो. त्याची मुलगी की मुलगा, कुणीतरी गेलं आहे असं ऐकलं होतं, जास्त माहीत नाही. काल तो माझ्यापाशी आला.

म्हणाला, "सिस्टर, तो बाप पुढे तिथंच राहिला का?"

मी म्हटलं, माहीत नाही. पण विहीर त्याची होती. विहीर सोडून कुठं जाणार?

"म्हणजे रोज पाणी काढायला तिथंच यायचा," तो म्हणाला. "तिच्या शेजारी."

मी म्हटलं, हो, यावंच लागलं असेल. माणसांना पाणी तर लागतंच.

त्यानं मान हलवली. एकदा विहिरीकडे पाहिलं. मग टोपी खिशात कोंबली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. रांग मोठी होती, ऊनही होतं. मी त्याला पुढे घेऊ का विचारलं, तर नको म्हणाला. त्याची पाळी येईपर्यंत मी इकडची तिकडची कामं करत तिथंच घुटमळले. त्यानं मुठीवर हात ठेवला आणि उचलला नाही. मागच्या माणसांनी काही म्हटलं नाही, थांबली.

खोल्यांत नीट लागलात की कळवा.

तुमची,
ताई